कडी लावून बघणाऱ्या अक्का

लातूरला आम्ही घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीच्या जेवणाला अक्का आल्या आणि आल्या आल्या न्हाणीघरात शिरल्या. आतून कडी लावल्याचा आवाज आला. मग काढल्याचा. मग पुन्हा लावल्याचा. बाहेर पंगत बसली, वरणभात वाढून झाला, तरी आतली खटखट चालूच. माझी आई काळजीत पडली. "बाईचं पोट बिघडलेलं दिसतंय," म्हणून तिने माझ्या बायकोच्या हातात ओवा आणि कोमट पाणी देऊन तिला न्हाणीघराच्या दारात उभं केलं. अक्का बाहेर आल्या, ओव्याकडे बघितलं, मुकाट्याने तो तोंडात टाकला, वर पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "माधवा, कडी अर्धं बोट खाली पायजे होती. पावसाळ्यात दार उतरलं की लागनार न्हाई बग." मी हसण्यावारी नेलं. पावसाळा आला आणि कडी लागेनाशी झाली. आजही आमच्याकडे अंघोळीला जाणारा माणूस आधी दार गुडघ्याने वर उचलतो आणि मग कडी घालतो.

अक्का म्हणजे आमच्या गृहनिर्माण कार्यालयाच्या खरेदी शाखेतल्या उपअभियंता. कार्यालय नांदेडला, कामं नांदेड आणि लातूर अशा दोन्ही जिल्ह्यांत. सरकार गरिबांसाठी जी घरं बांधतं त्यांना लागणारे नळ, दारं, फरशा, कड्याकोयंडे हे सगळं अक्कांच्या टेबलावरून जायचं. त्या मूळच्या देगलूरच्या. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात स्टीलचा डबा आणि तोंडात तीन भाषा. खुशीत असल्या की मराठी, हिशेब करताना तेलुगू आणि रागावल्या की कन्नड. "साकु!" एवढं त्या म्हणाल्या की समोरच्याने बोलणं आवरतं घ्यायचं, हे शिपायापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. साकु म्हणजे पुरे. त्यांना मॅडम म्हणणारा माणूस ऑफिसात नवा आहे हे लगेच ओळखू यायचं.

मीही एकदा नवा होतो. कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो त्या दिवशी त्यांच्या खोलीत गेलो तर बसायला जागाच दिसेना. भिंतीला पाण्याशी काही संबंध नसलेले नळ लावलेले. एका कोपऱ्यात दारं एकमेकांवर रेललेली. खुर्च्यांवर फरशा. रिकामं असं एकच आसन होतं आणि ते पांढरंशुभ्र कमोड होतं. "बसा की," अक्का म्हणाल्या. मी घुटमळलो. "नवीन हाय वो. नळ बी जोडलेला न्हाई. लाजताव कामून?" नोकरीतली माझी पहिली बैठक मी कमोडच्या झाकणावर बसून केली. उठताना त्यांनी विचारलं, "हाललं का?" मी म्हणालो, थोडं हाललं. त्यांनी लगेच त्या नमुन्यावर खडूने फुली मारली. मला वाटलं होतं की त्या माझी ओळख करून घेताहेत. त्या माझं वजन वापरून घेत होत्या.

सरकारी खरेदीचं शास्त्र तसं सोपं. काय हवं ते लिहायचं, जाहिरात द्यायची, जो कमीत कमी दर भरेल त्याला काम द्यायचं. अवघड असते ती पहिली पायरी. काय हवं हे लिहिणं. आमच्यातले बहुतेक जण ते मागच्या निविदेतून उचलून पुढच्या निविदेत चिकटवायचे. अक्का मात्र वस्तू वापरून बघायच्या आणि मग लिहायच्या. नळ लिहायचा असेल तर साबणाच्या हाताने तो फिरवून बघायच्या, कारण बाई भांडी घासता घासताच नळ बंद करते. फरशी लिहायची असेल तर तिच्यावर पाणी ओतून अनवाणी चालायच्या. "कागदावर समदीच दारं लागतंत," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कुणी चकचकीत माहितीपत्रक पुढे केलं की हे वाक्य येणारच.

देवाधर्माचंही तसंच. निविदा आता संगणकावर उघडतात आणि त्यासाठी अधिकाऱ्याच्या सहीचं डोंगल लागतं. अक्कांचं डोंगल आणि विभूतीची डबी एकाच बटव्यात असायची. डोंगल बाहेर काढलं की त्याच्यावर पांढरी भुकटी ठरलेली. त्या आधी स्वतःच्या कपाळाला बोट लावायच्या, मग संगणकाच्या कपाळाला आणि मग सही करायच्या. संगणक दुरुस्तीला येणारा माणूस म्हणायचा की साऱ्या जिल्ह्यात हा एकच लिंगायत संगणक आहे. अक्कांना हे कळलं तेव्हा त्या खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, "म्हनून तर तो कवा बंद पडत न्हाई."

दिवाळीत ठेकेदार मिठाईचे डबे घेऊन यायचे. अक्का डबा उघडायच्या नाहीत, उलट सांगायच्या, "काजूकतली घरच्या लेकरांना द्या. मला द्यायचंच आसंल तर नमुना आना." एका हुशार ठेकेदाराने हे मनावर घेतलं. त्याने चमकीच्या कागदात गुंडाळून, वर रिबिन बांधून एक कडी आणली. अक्का अशा खुलल्या की विचारू नका. त्यांनी ती तिथल्या तिथे नमुन्याच्या दारावर बसवून घेतली आणि दिवसभर येणाऱ्या जाणाऱ्याला लावायला-काढायला सांगितली. संध्याकाळपर्यंत कडी हातात आली. ठेकेदाराला त्यांनी ती पुन्हा त्याच कागदात गुंडाळून, रिबिन बांधून परत केली.

पण त्यांची सगळ्यात न्यारी रीत चहाची होती. निविदा उघडली की जिंकणाऱ्याचे सगळे लाड करतात. अक्का हरणाऱ्याला चहा पाजायच्या, तोही स्वतःच्या पैशाने, वर खारी बिस्किटं. जिंकलेला बिचारा समोर कोरडा बसून राहायचा. मी एकदा कारण विचारलं. "जिंकलेला तर उद्या बी येनार हाय, काम घ्यायला. हरलेला आला न्हाई तर पुढच्या बारीला जिंकलेला यकटाच राहतो. मग तो मनाला यील तो भाव लावतो." एवढं सांगून त्या बशीतला चहा फुंकू लागल्या. खरेदीच्या नियमांवरची जाडजूड पुस्तकं मी नंतर वाचली, पण स्पर्धा टिकवण्याचा याहून स्वस्त उपाय मला कुठे सापडला नाही.

हा चहा पिणाऱ्यांत इस्लापूरचा एक जण होता. मूळचा सुतार, आता नांदेडच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये फायबरची दारं बनवणारा. त्याला सगळे इस्लापूरकरच म्हणत. तो आमच्याकडे दोनदा हरला होता आणि दोन्ही वेळा खारी खाऊन गेला होता. हा माणूस पुढे लागणार आहे.

अक्कांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले असताना लातूरच्या बाहेर आमची एक वसाहत उभी राहत होती. सोडतीत घर लागलेली माणसं अधूनमधून चौकशीला यायची. त्यात शमीमभाभी होत्या. लातुरात ब्लाउज शिवायच्या, साड्यांना फॉल-पिको करायच्या. घरात त्या आणि दोन वयात आलेल्या मुली. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी हॉल विचारला नाही, ओटा विचारला नाही. भिंतीवरच्या कोरड्या नळाला हात लावत त्या म्हणाल्या, "अक्का, बाकी कुछ बी देव, नक्को देव. हमारे को न्हाणी का दरवाजा होना." भाड्याच्या खोलीत त्यांच्या न्हाणीला साडीचा पडदा होता आणि समोर सगळ्या चाळीचा येण्याजाण्याचा रस्ता. "एक नहाती, एक पहरा देती. नहानेवाली बार बार पूछती, बाहर कौन है? जल्दी जल्दी चार लोटे डालके निकलना. पूरा बदन भिगाके कबी नहाए, याद नहीं."

शमीमभाभी गेल्यावर अक्का मला म्हणाल्या, "देगलूरला आमच्याकडं गोनपाट व्हतं. वारं सुटलं की दोन्ही हातानं धरायचं. मग अंग कोन्या हातानं धुवायचं?" आणि लगेच, जणू काही झालंच नाही अशा थाटात, "हाव, त्या दारांच्या निविदेचा कागद काढा."

आणि नेमका याच निविदेत घोळ झाला. केला अक्कांनीच. तीन योजनांचं काम एकदम अंगावर आलेलं, मार्च तोंडावर, वरून फोनवर फोन. अक्कांनी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचा कागद उचलला. कोकणातल्या एका कार्यालयाने नुकतीच दारं घेतली होती, त्यांचा मसुदा मागवला, गावांची नावं बदलली आणि सही केली. जाहिरात निघाली. मुदत संपली तेव्हा निविदा आली फक्त एक. लांबच्या मोठ्या कंपनीची, आणि दर असा की ऑफिसचा पंखाही क्षणभर थांबल्यासारखा वाटला. त्या दराने मंजूर पैशात घरांची पुढची दारं तेवढी आली असती. न्हाणीची दारं "पुढच्या टप्प्यात" गेली असती. आमच्याकडे पुढचा टप्पा म्हणजे काय, ते सांगायला नको.

बाकीचे ठेकेदार का आले नाहीत, हे कोडं आम्हाला सुटेना. तेवढ्यात दारात इस्लापूरकर उभा. तोंडावर संकोच. "अक्का, दोनदा तुमचा चहा प्यालो म्हनून इच्यारायला आलो. मला टेंडर भरायचं व्हतं. समदं जमत व्हतं. पन तुमी समुद्राचं सर्टिफिकेट मागितलाव. खाऱ्या हवेत दार टिकतं म्हनून. आता समुद्र मी कुठून आनू? आमच्याकडं सहस्त्रकुंड हाय. धबधब्याचं चालतंय का?"

अक्कांनी चष्मा लावून कागद काढला. अट होती. सागरी हवामानात टिकण्याची चाचणी झाल्याचं प्रमाणपत्र आवश्यक, असं छान ठळक अक्षरांत छापलेलं होतं. ज्या लातूरला प्यायच्या पाण्याची वाट बघत माणसं घागरी मांडून बसतात, त्या लातूरला आम्ही खारा वारा सोडला होता. अक्का त्या ओळीकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पदर तोंडात कोंबून हसल्या, मग इस्लापूरकर हसला, मग मी. हसणं ओसरल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "चूक माझी. निविदा रद्द."

बोलायला सोपं, करायला कठीण. आमचे मोठे साहेब, म्हणजे कार्यकारी अभियंता, माणूस भला पण मार्च महिन्यात कुणीच भला नसतो. मार्च सरायच्या आत काम कुणाला तरी दिलं नाही तर निधी परत जाणार आणि वसाहत दारांशिवाय पडून राहणार. ते म्हणाले, "अक्का, आहे तीच निविदा घेऊन टाकू. वरून मंजुरी आणायचं मी बघतो. न्हाणीला सध्या पडदे लावून घेतील लोक."

"साकु!" अक्का म्हणाल्या. साहेबांना हा शब्द आजवर कुणी म्हटला नव्हता. त्यांनी खरंच पुरे केलं. जरा वेळाने हळूच म्हणाले, "बरं, रद्द करा. पण कारण लिहा की प्रशासकीय कारणास्तव. तुमची निवृत्ती जवळ आली. उगीच कारणे दाखवा नोटीस निघाली तर पेन्शनचे कागद अडकतील."

"प्रशासकीय कारन लिवलं तर उद्याचा मानूस पुन्ना ह्योच कागद कॉपी करंल, सायेब. समुद्र तिथंच राहील." आणि त्यांनी स्वच्छ लिहिलं की अट आपल्याकडूनच चुकून राहिली. नोटीस आली. तिच्या उत्तराचा मसुदा मी भीत भीत करत होतो, तोवर अक्कांनी स्वतःच उत्तर लिहून पाठवलं होतं. त्यात एवढंच होतं की लातूरला समुद्र नाही हे मला माहीत होते, तरी तो माझ्या सहीने आला, आता काढून टाकला आहे. वरच्या कार्यालयात हा कागद म्हणे चार टेबलांवर मोठ्याने वाचला गेला. एकदा हसू आलं की शिक्षा करणं जड जातं. लेखी समज देऊन त्यांनी प्रकरण मिटवलं.

दुसरी निविदा अल्पमुदतीची निघाली आणि तिची एकूण एक अट अक्कांच्या हातची होती. नमुन्याचं दार कार्यालयाच्या आवारात बसवून दाखवायचं, त्यावर पाण्याचा पाइप सोडून ठेवायचा आणि मग ते करंगळीने लागलं पाहिजे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या आवारात नुसतीच दारं उभी राहिली. ना भिंत, ना घर, आणि सगळ्या दारांवर पाणी. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून विचारायचे, कुणाचं लग्न आहे का? अक्का डोक्यावर पदर घेऊन उन्हात एका दारातून दुसऱ्या दारात जायच्या, कडी लावायच्या, काढायच्या. एका दाराने पाणी पिऊन असं अंग धरलं की साहेबांनी खांदा लावला तरी ते हलेना. साहेब बाजूने वळसा घालून पलीकडे गेले, कारण भिंत नव्हतीच.

मार्च संपायच्या आत निविदा उघडली. दर इतके उतरले की पुढचं दारही आलं आणि न्हाणीचंही, वर चांगल्या कड्या आल्या. काम मिळालं उदगीरच्या एका पोराला. इस्लापूरकर थोडक्यात हरला, तिसऱ्यांदा. अक्कांनी चहा मागवला. कपाकडे बघत तो म्हणाला, "अक्का, तुमचा चहा मला लई महाग पडून राहिला." अक्का एवढ्या हसल्या की खारी चहात पडली. त्यांनी आपल्या डब्यातली शेंगाची पोळी काढून त्याच्यापुढे ठेवली. हा मान मी एवढी वर्षं शेजारी बसून मिळवला नव्हता.

मग अक्का निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी घड्याळाची मागची कडी ओढून बघितली, ती निघाली, आणि सगळं सभागृह हसलं. मीही हसलो, पण मला फार वाईट वाटत होतं. दुसऱ्या दिवशी कमोड भांडारात गेलं, नळ उतरवले, आणि खोलीत खुर्च्या आल्या. बसायला जागा झाली आणि तिथे बसावंसं वाटेना.

वसाहतीच्या चाव्या द्यायचा कार्यक्रम त्यानंतर झाला. अक्का देगलूरहून एसटीने आल्या. पत्रिकेत त्यांचं नाव नव्हतं, मंचावर खुर्ची नव्हती. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. त्या थेट जिन्यात जाऊन दारांच्या बिजागऱ्या बघत होत्या. पहिली चावी शमीमभाभींना द्यायचं ठरलं होतं. आम्ही सगळे, साहेब, पेढ्यांचा खोका, फोटोवाला, त्यांच्या घरात शिरलो. भाभींनी चावी घेतली, दोन्ही मुलींना जवळ घेतलं, भिंतींवरून हात फिरवला. मग न्हाणीत डोकावल्या. नळ सोडला. पाणी आलं. आणि काही कळायच्या आत त्यांनी दार लावून घेतलं. कडी बसल्याचा आवाज झाला, एकदाच, पहिल्या झटक्यात.

आम्हाला वाटलं, बघून बाहेर येतील. आतून बादली भरल्याचा आवाज आला. मग तांब्याचा. साहेबांच्या हातात पेढा तसाच. फोटोवाल्याने विचारलं, "बाई अंघोळ करून राहिल्या का काय?" साहेब घड्याळ बघू लागले आणि दार वाजवायला पुढे झाले, तर अक्कांनी आडवा हात धरला.

तांब्यावर तांब्या पडत होता. मध्येच पाणी थांबलं, आणि जन्माच्या सवयीने आतून हाक आली, "बाहर कौन है?"

अक्का दाराशी गेल्या. दाराला गाल लावून, अगदी हळू म्हणाल्या, "कोन्नी न्हाई, भाभी. आता कोनी लागत बी न्हाई. न्हावा निवांत."

मग त्या आमच्याकडे वळल्या, तोंडावर बोट ठेवलं आणि साहेबांना, फोटोवाल्याला, पेढ्यांना आणि मला चवड्यांवर चालवत घराबाहेर काढलं. दोन्ही मुली तेवढ्या आत राहिल्या. अक्कांनी पुढचं दार करंगळीने ओढून लावलं आणि आम्ही सगळे जिन्यात पायऱ्यांवर बसलो. आतून पाण्याचा आवाज येत होता. अक्कांनी पेढ्यांचा खोका उघडला आणि हरलेल्याला खारी द्यावी तसा आधी साहेबांपुढे धरला.